‘त्याच्या आधी काय होते?’ : एका प्रश्नाचा इतिहास

डॉ. जयंत नारळीकर शाळकरी मुलांना सही देत नसत. व्याख्यान संपले की मुले वह्या पुढे करून गराडा घालत. ते सांगत, मनात एखादा प्रश्न असेल तर तो पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर माझ्या सहीनिशी येईल. आणि उत्तर येतही असे.

विश्वाविषयी बोलायला आम्ही कोणत्याही शाळेत गेलो तरी एक प्रश्न ठरलेला असतो. महास्फोटाने विश्व सुरू झाले, मग त्याच्या आधी काय होते? शिक्षक म्हणून आपणही तो ऐकला असेल. यावर दोन उत्तरे सर्रास दिली जातात. ‘तेव्हा काळच नव्हता, म्हणून प्रश्नच चुकीचा आहे’ हे एक. ‘तो विषय विज्ञानाच्या कक्षेबाहेरचा आहे’ हे दुसरे. पहिले विद्वत्तेचे वाटते, दुसरे नम्रतेचे. आमच्या मते दोन्ही घाईची आहेत. कारण या प्रश्नावर गेली साठ-सत्तर वर्षे गणिताच्या भाषेत काम चालू आहे. त्यातली तीन महत्त्वाची नावे आपल्या परिचयाची आहेत: कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले नारळीकर, धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर, आणि जन्माने केरळचे पण १९९२ पासून अखेरपर्यंत पुण्यात काम केलेले थानू पद्मनाभन. तिघांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत हे पाहिले, तर प्रश्न नेमका कुठे अडतो ते कळते.

सुरुवात आइन्स्टाईनपासून करू. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणे मांडली. १९२२ मध्ये फ्रीडमन या रशियन गणितज्ञाने त्यांतून प्रसरण पावणारे विश्व काढून दाखवले, १९२७ मध्ये बेल्जियमच्या लमेत्र यांनी स्वतंत्रपणे तेच केले, आणि १९२९ मध्ये हबल यांच्या निरीक्षणांनी दीर्घिका परस्परांपासून दूर जात असल्याचे दिसले. प्रसरणाचा हा चित्रपट उलटा फिरवला की सगळे जवळ जवळ येते, घनता वाढत जाते, तापमान वाढत जाते, आणि मागे जाता जाता एका क्षणी समीकरणे सांगतात: घनता अनंत. या क्षणाला सिंग्युलॅरिटी म्हणतात. पाठ्यपुस्तकातला ‘आरंभ’ तो हाच.

सुरुवातीला पुष्कळांना वाटले की हा अनंताचा प्रकार खरा नसावा, तो गणिताच्या सोयीसाठी केलेल्या गृहीतामुळे आला असावा. फ्रीडमनच्या विश्वात सर्व दिशा अगदी सारख्या आहेत. गणेश विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक या चारही रस्त्यांनी मिरवणुका अलका चौकात येतात. सगळ्या अगदी एकाच क्षणी, एकाच वेगाने चौकाच्या मध्यबिंदूवर आल्या तर चेंगराचेंगरी अटळ. पण प्रत्यक्षात कोणी जरा पुढे, कोणी जरा बाजूने जातो आणि चौक सुटतो. खऱ्या विश्वातही थोडी विषमता, थोडे परिवलन असणारच; मग मागे जाताना सगळे एका बिंदूत न येता एकमेकांच्या बाजूने निघून जाणार नाही का?

याचा छडा लावणारे पहिले पाऊल कलकत्त्यात पडले. अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात समानतेचे ते गृहीतक काढून टाकले आणि एकत्र वाटचाल करणाऱ्या कणांचा समूह आकुंचन कसा पावतो याचे एक सामान्य समीकरण दिले. परिवलन नसेल, तर विषमतेने सुटका होत नाही. उलट आकुंचन अधिक जलद होते. रायचौधुरींचे हे समीकरण आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्याच नावाने शिकवले जाते. पुढे १९६५ मध्ये रॉजर पेनरोज यांनी कोसळणाऱ्या ताऱ्यासाठी, आणि १९७० मध्ये हॉकिंग व पेनरोज यांनी मिळून विश्वासकट सर्वांसाठी सिद्ध केले की, काही वाजवी अटी मान्य केल्या तर सिंग्युलॅरिटी टळत नाही. तिकडे रशियात लिफशिट्झ आणि खालात्निकोव्ह यांनी १९६३ मध्ये नेमके उलटे मत मांडले होते. १९७० पर्यंत त्यांनी ते मागे घेतले.

आता शिक्षकांनी येथे जरा थांबावे, कारण वर्गात गफलत होते ती याच ठिकाणी. सिंग्युलॅरिटी सिद्ध झाली, म्हणजे विश्वाला आरंभ होता हे सिद्ध झाले का? नाही. फळ्यावर १ भागिले क्ष लिहा आणि क्ष लहान लहान करत जा. क्ष शून्य होताच उत्तर ‘अनंत’ येत नाही, तर भागाकाराचा नियमच तिथे लागू होत नाही. वायूचे साधे समीकरण घ्या: तापमान तेच ठेवून वायू दाबत गेलो तर घनता हवी तितकी वाढेल असे ते म्हणते. प्रत्यक्षात त्या आधीच वायूचा द्रव होतो. अनंत आले की समजावे, सिद्धांताचा अंमल संपला. पेनरोज-हॉकिंग प्रमेये आइन्स्टाईनच्या सिद्धांताची हद्द दाखवतात. हद्दीपलीकडे काय आहे ते सांगण्याचा दावा त्यांत नाही.

आणि ही हद्द कुठे असावी याची कल्पनाही आपल्याला आहे. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि प्लँकचा स्थिरांक ही तीन एकत्र केली की एक लांबी मिळते. प्लँक यांनी ती १८९९ मध्येच काढली होती: सुमारे १.६ मीटरला १ वर ३५ शून्ये एवढ्या संख्येने भागून येणारी. प्रोटॉनच्या आकाराशी तुलना केली तर त्याच्या जवळजवळ १ वर २० शून्ये एवढ्या पटींनी ती लहान. तिथे पोचेपर्यंत पुंजभौतिकीला बाजूला ठेवता येत नाही. आइन्स्टाईन यांनीच १९१६ मध्ये लिहिले होते की पुंजसिद्धांतामुळे गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातही बदल करावा लागेल. त्याचा पहिला सखोल विचार करणारा मात्वेई ब्रॉन्स्टाईन हा तरुण १९३८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, स्टालिनच्या राजवटीत गोळी घालून मारला गेला. त्याच्या निबंधाकडे पुढे बराच काळ फारसे कोणी वळले नाही.

अटच नाकारली तर?

प्रमेयातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्याची अट तपासणे. सिंग्युलॅरिटीच्या प्रमेयांत एक अट अशी की, पदार्थाची ऊर्जा नेहमी आकर्षणच निर्माण करते. नारळीकरांनी हात घातला तो या अटीला.

१९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉएल यांनी स्थिरस्थिती विश्वाची कल्पना मांडली होती: विश्व प्रसरण पावते, पण नवा पदार्थ सतत निर्माण होत असल्याने त्याचे एकूण रूप बदलत नाही, आरंभही नाही, अंतही नाही. ‘बिग बँग’ हे नाव हॉएल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात वापरले. विरोधकाने दिलेले नाव बारसे करून कायम झाले, असे विज्ञानात क्वचित घडते. केंब्रिजमध्ये १९६० पासून नारळीकर हॉएल यांचे संशोधक विद्यार्थी होते. पदार्थनिर्मिती होते म्हणजे ऊर्जा कुठून येते, या आक्षेपाला त्या दोघांनी ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र आणून उत्तर दिले. पदार्थ जन्मतो तेवढी ऋण ऊर्जा त्या क्षेत्रात साठते, हिशेब बरोबर राहतो. ऋण ऊर्जा अपकर्षण घडवते, त्यामुळे प्रमेयाची अट मोडते आणि दाटत जाणारा पदार्थ अनंत घनतेला पोचण्याआधीच उलट फिरू शकतो. हे त्यांनी साठच्या दशकाच्या मध्यातच दाखवले होते.

१९६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांकडून येणारे सूक्ष्मतरंग प्रारण सापडले आणि स्थिरस्थितीचे पारडे खाली गेले. पुढे कोबे उपग्रहाने १९९० मध्ये दाखवले की हे प्रारण सुमारे २.७ केल्विन तापमानाच्या आदर्श उष्ण वस्तूसारखे आहे. विश्व कधी काळी अतिशय तप्त आणि दाट होते, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. नारळीकरांनी मात्र हार मानली नाही. १९९३ मध्ये हॉएल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित, आंदोलने करणारे विश्व मांडले. त्यात सुमारे ५० अब्ज वर्षांच्या चक्राने विश्व आकुंचते आणि पुन्हा फैलावते, आणि त्याच वेळी दीर्घ मुदतीत वाढतही जाते. बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांना ते पटले नाही. पार्श्वभूमी प्रारणातील बारीक चढउतारांचे जे तपशीलवार मोजमाप पुढे झाले, ते प्रचलित चित्राशी फार चांगले जुळते, हे आम्हालाही मान्य केले पाहिजे.

पण नारळीकरांचा मूळ आक्षेप वेगळा होता, आणि तो अजून उभा आहे. प्रयोगशाळेत जे तपासता येते त्याच्या कितीतरी पलीकडे आपण सिद्धांत ताणतो, आणि मग त्यालाच ‘इतिहास’ म्हणतो, असे त्यांचे म्हणणे. जिनिव्हाजवळच्या सर्वांत मोठ्या त्वरकातील टकरींची ऊर्जा आणि प्लँकची ऊर्जा यांत जवळजवळ १ वर १५ शून्ये एवढ्या पटींचे अंतर आहे.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९८८ मध्ये पुण्यात आयुका स्थापन झाली आणि नारळीकर २००३ पर्यंत तिचे संचालक होते. त्याच संस्थेत महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे सहकारी होते, पुस्तके लिहीत होते, विद्यार्थी घडवत होते. पद्मनाभन यांचे ‘विश्वातील रचनेची घडण’ या विषयावरचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९९३ चे, म्हणजे नारळीकरांच्या पर्यायी विश्वाच्याच वर्षीचे. संचालकाचे मत अल्पमतात असलेली संस्था आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

आणि हे पद्मनाभन नारळीकरांचेच विद्यार्थी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना दोघांनी मिळून पुंजविश्वशास्त्रावर काम केले. १९८६ मध्ये त्यांचे संयुक्त पुस्तक निघाले. अवकाशाचा एकूण आकार हा एकच घटक पुंजभौतिकीच्या नियमांनी चालतो असे मानून त्यांनी हिशेब केला. सिंग्युलॅरिटीजवळ जाताना या घटकातील अनिश्चितता इतकी वाढते की ‘विश्व नेमके अनंत घनतेतून आले’ या विधानाला अर्थ उरत नाही. पूर्ण सिद्धांत हाती नसताना केलेला हा अंदाज होता, आणि तसे ते दोघे स्पष्ट म्हणत.

अवकाशाचे सूत

अष्टेकरांची वाट निराळी. महाराष्ट्रात शालेय शिक्षण, मग अमेरिका, १९७४ मध्ये शिकागो येथे पीएच.डी. त्यांनी आइन्स्टाईनचा सिद्धांत बदलला नाही, लिहिण्याची रीत बदलली. १९८६ मध्ये त्यांनी अशी नवी चले सुचवली की ती किचकट समीकरणे विद्युत्चुंबकीय आणि अणुकेंद्रातील बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली. त्या बलांना पुंजभौतिकीत कसे आणायचे हे पदार्थवैज्ञानिकांना माहीत होते. त्यातून रोव्हेली, स्मोलिन, लेवान्डोव्स्की यांच्यासह अनेकांच्या हातून ‘लूप’ गुरुत्वसिद्धांत उभा राहिला.

त्याचे सार सोलापुरी चादरीवरून सांगता येईल. चादर दुरून सलग पृष्ठभाग दिसते. भिंग लावले तर सूत दिसते. सुतांच्या मधे चादर नसतेच. या सिद्धांतात अवकाशही असेच एकमितीय धाग्यांनी विणलेले आहे, आणि क्षेत्रफळ हवे तितके लहान करता येत नाही: त्याला एक किमान पायरी आहे. फरक इतकाच की चादर खोलीत असते. हे धागे कशातही ठेवलेले नाहीत, अवकाश म्हणजे तेच.

विश्वाला हे लागू करण्याचे पहिले काम २००१ मध्ये बोजोवाल्ड यांनी केले. २००६ मध्ये अष्टेकर, पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी पूर्ण हिशेब मांडला. यातले सिंग हे पुण्याच्या आयुकातून पीएच.डी. झालेले. त्यांचा निष्कर्ष अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनाही समजेल असा आहे. फ्रीडमनच्या समीकरणात प्रसरणाच्या दराचा वर्ग घनतेच्या सम प्रमाणात असतो. नव्या समीकरणात त्याला एका कंसाने गुणायचे: (१ – घनता ÷ कमाल घनता). कमाल घनता म्हणजे दर घनमीटरला सुमारे २ वर ९६ शून्ये इतके किलोग्रॅम. अणुकेंद्राची घनता घातली तरी कंसाची किंमत १ पेक्षा इतकी थोडी कमी येते की दशांशचिन्हानंतर सुमारे ७८ नऊ लिहावे लागतील. म्हणजे आपल्या ओळखीच्या सर्व प्रसंगी आइन्स्टाईन बरोबरच. पण घनता कमाल मर्यादेला टेकली की कंस शून्य, प्रसरणाचा दर शून्य. गुरुत्वाकर्षण जणू प्रतिकर्षण होते आणि विश्व उसळी घेते. मागे जाताना आपल्याला भिंत लागत नाही. लागते ते दुसऱ्या बाजूचे, आकुंचन पावणारे विश्व.

तर मग ‘आधी काय’चे उत्तर मिळाले? येथे तत्त्वज्ञानाचा एक जुना काटा टोचतो. ‘आधी’ म्हणायला घड्याळ हवे. शाळेची घंटा वर्गाच्या बाहेर असते, ती तासाला मोजते. विश्वाच्या बाहेर घंटा कुठे टांगणार? ब्राइस डीविट यांनी १९६७ मध्ये विश्वाचे पुंजसमीकरण लिहिले, तेव्हा त्यात काळ हे चल उरलेच नाही. अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी यावर व्यवहारी तोड काढली: विश्वातल्याच एका द्रव्यक्षेत्राला घड्याळ मानायचे. ते क्षेत्र एकाच दिशेने बदलत जाते, त्याच्या तुलनेत विश्वाचा आकार मोजायचा. आपणही दुसरे काय करतो? सेकंद म्हणजे सिझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० स्पंदने; एका बदलाने दुसरा बदल मोजणे. तरीही हे घड्याळ निवडले म्हणून ‘आधी’ला अर्थ आला, हे विसरता येत नाही.

ध्वनीवरून अणू सापडेल का?

तिसरे उत्तर पद्मनाभन यांचे, आणि आम्हाला ते सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. त्यांनी विचारले, आपण चुकीच्या गोष्टीला पुंजरूप देत नाही ना? चहा गरम आहे, एवढ्यावरून बोल्ट्झमन यांनी ओळखले की पदार्थाला अंतर्गत रचना असलीच पाहिजे, कारण उष्णता साठवायला हलणारे काहीतरी लागते. १९७२ ते १९७६ या काळात बेकेनस्टाईन, हॉकिंग आणि उन्रू यांनी दाखवले की कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते, तापमान असते, आणि प्रवेगित निरीक्षकाला निर्वातही उष्ण भासते. म्हणजे अवकाश-काल तापतो. मग त्याचेही ‘रेणू’ असणार. १९९५ मध्ये जेकबसन यांनी उष्मागतिकीतून आइन्स्टाईनची समीकरणे काढली होती. पद्मनाभन यांनी २००२ नंतर सुमारे वीस वर्षे हा विचार कितीतरी पुढे नेला. त्यांच्या दृष्टीने आइन्स्टाईनची समीकरणे ही वायूच्या दाब-तापमानाच्या नियमांसारखी आहेत: खरी, पण मूलभूत नव्हेत. पोलादातील ध्वनिलहरींना पुंजनियम लावले तर ध्वनीचे पुंज मिळतील, लोखंडाचा अणू मिळणार नाही.

हे बरोबर असेल तर आरंभाच्या प्रश्नाचे रूपच पालटते. एकेकट्या रेणूचे तापमान विचारता येत नाही, तसे अगदी खोलवर काळच विचारता येणार नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतल्या लेखनात त्यांनी बर्फ वितळून पाणी व्हावे तशी, अवकाश-काल नसलेल्या अवस्थेतून अवकाश-काल प्रकटल्याची कल्पना मांडली. १७ सप्टेंबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि तो धागा अर्धवट राहिला. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले.

मग मुलाला काय सांगायचे? आम्ही असे सांगतो. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट होते, याला भक्कम पुरावा आहे. तिथपासून आजपर्यंतचा हिशेब लागतो. त्या दाट अवस्थेच्या अगदी टोकाशी आपले समीकरण तुटते. पुढे तीन नकाशे आहेत, एकावरही शिक्का बसलेला नाही. ‘विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे’ हे वाक्य खोडायचे कारण नाही. ‘तेव्हा शून्यातून सगळे निर्माण झाले’ हे मात्र आमच्या मते खोडावे. आणि नासदीय सूक्तात हे सगळे आधीच आले आहे, असे कोणी म्हणाले तर त्या सूक्तातली शंका जरूर वाचून दाखवावी, पण शंका विचारणे आणि घनतेचा आकडा काढणे ही दोन वेगळी कामे आहेत हेही सांगावे.

शिक्का कसा बसणार, हा प्रश्न चलाख मुले विचारतातच. उसळी घेतलेल्या विश्वाचा ठसा पार्श्वभूमी प्रारणात सर्वांत मोठ्या कोनांवर उमटला असावा, असे अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडले. त्या कोनांवरच्या काही नोंदी अपेक्षेपेक्षा वेगळ्या आहेत खऱ्या, पण आकाश एकच असल्याने तो योगायोगही असू शकतो, आणि दुसरे आकाश मागवता येत नाही. कृष्णविवरांची गोष्ट वेगळी आहे; ती पुष्कळ आहेत. दोन कृष्णविवरे मिळून एक होताना पृष्ठभागाचे एकूण क्षेत्रफळ घटू नये, हे हॉकिंग यांचे प्रमेय. पद्मनाभन ज्या एन्ट्रॉपीपासून निघाले ती याच क्षेत्रफळाशी बांधलेली आहे. २०१५ मध्ये सापडलेल्या पहिल्या गुरुत्वलहरीवरून २०२१ मध्ये ते प्रमेय तपासले गेले आणि टिकले. या लहरी पकडणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. प्लँक लांबीपर्यंत तिची नजर पोचणार नाही, पण क्षेत्रफळाचा हिशेब तिथे अधिक बारकाईने करता येईल. मराठवाड्यातल्या शिक्षकांना पुढे कधी सहल काढायची झाली तर हे ठिकाण मनात ठेवावे.